पावसाआधी उकिरडा खड्ड्यातून वर काढा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा पाऊस उकिरड्याच्या खड्ड्यात साचला की शेणाला हवा मिळत नाही. ते आतल्या आत कुजतं आणि मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २५ पटींहून जास्त उष्णता धरतो. गोठ्यात डोळे चुरचुरतात तो अमोनिया. म्हणजे खतातून आपल्या उसाला मिळायचं नत्रच (नायट्रोजन) हवेत चाललंय.

म्हणून उंचवट्यावर ४ फुटांचा ढीग लावा. शेणाच्या प्रत्येक थरावर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, तोडून पसरा. निपाणी-चिकोडीकडे हेच पाचट फडात पेटवलेलं दिसतं तेव्हा जीव तुटतो. दर १५-२० दिवसांनी ढीग वरखाली करा. ओल बघायला मूठभर खत दाबा: लाडवासारखा गोळा झाला आणि बोटांतून पाणी गळलं नाही, तर बरोबर. गळलं तर आणखी पाचट घाला. पावसात वर ताडपत्री टाका, बाजू मोकळ्या ठेवा. जनावरांखालीही पाचट अंथरा, मूत त्यात मुरतं. सकाळी ते ढिगावर टाका.

चार-पाच जनावरं असतील तर गोबरगॅसच बांधा, तोच मिथेन शेगडीत जळतो. मात्र नळीचे जोड साबणाच्या पाण्यानं तपासत जा. बुडबुडे आले की गळती आहे.