चूक सकाळी होते, कळते दुपारी: २०० किलोमीटरच्या राइडमध्ये या चुका टाळा

यवतच्या अलीकडे एका बंद टपरीच्या फळीवर मी पाय पसरून बसलो होतो. डाव्या मांडीत गोळा आला होता, पाण्याच्या वासानेही मळमळत होतं आणि दुपारचे अडीच वाजले होते. मार्च महिना. पुणे–भिगवण–पुणे, माझी पहिली २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. शेवटी एका टेम्पोत सायकल टाकली आणि परत आलो. घरी विचारलं तर सांगितलं, ‘ऊन फार होतं.’

ऊन होतंच, पण खरं कारण त्या दिवशी सकाळी घडलं होतं, हडपसर ते उरुळी कांचनच्या दरम्यान. तेव्हा मी फार खुशीत होतो म्हणून ते दिसलं नाही. लांब राइडचं हेच त्रांगडं आहे. दुखणं एका जागी निघतं आणि चूक चार-पाच तास मागे पडलेली असते. म्हणून इथे प्रत्येक दुखण्याचा माग काढत मागे जाऊ या.

आधी गणित

बीआरएम ही शर्यत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. मध्ये कंट्रोल, म्हणजे कार्डावर शिक्का घ्यायची ठिकाणं असतात आणि प्रत्येक कंट्रोल ठरलेल्या वेळी बंद होतो. सकाळी सहाला सुटलात तर १०० किलोमीटरवरचा कंट्रोल दुपारी १२ वाजून ४० मिनिटांपर्यंत उघडा असतो. म्हणजे ताशी १५ ची सरासरी, तीही सगळे थांबे धरून.

चालत्या सायकलीवर ताशी २० चा वेग ठेवलात तर दहा तास चालवण्यात जातात आणि साडेतीन तास उरतात. नव्या माणसाला हे ऐकून हायसं वाटतं आणि तो ते साडेतीन तास चहावर उधळतो. ‘पाच मिनिटं थांबू’ म्हणून थांबलेला घोळका कधी पाच मिनिटांत उठलेला मी पाहिलेला नाही. एक जण लघवीला जातो, दुसरा पोहे सांगतो, तिसऱ्याला फोन येतो. पाऊण तास गेला! असे चार थांबे झाले की तीन तास संपले. उतरण्याआधीच ठरवा: बाटल्या भरायच्या, खायचं, कार्डावर शिक्का घ्यायचा, निघायचं. खायचं काही खिशात घालून निघालात तर आणखी बरं.

दुपारी पाय संपले? सकाळचा वेग आठवा

भिगवणचा रस्ता फसवा आहे. सकाळी हवा गार आणि शांत असते, पुण्याकडून उजनीच्या पाण्याकडे जाताना एकूण उतारही थोडा मिळतो, शिवाय पाय ताजे. मी सत्तावीसच्या सरासरीने पावणेदहाला पोहोचलो आणि जलाशयाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा उठतो आणि पुण्याकडे परतताना तो थेट तोंडावर येतो. सकाळी ज्या जोराने २७ चा वेग मिळत होता, तेवढाच जोर लावून दुपारी १६ मिळाला. मी जोर वाढवला. तासाभरात गोळा आला.

पहिल्या ५० किलोमीटरला एकच कसोटी पुरते: शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की वेग कमी करा, पुढचे गेले तर जाऊ द्या. समोरून वारा असेल तर वेगाचा आकडा झाकून ठेवा, हलका गिअर टाका, अंग खाली घ्या आणि पाय भराभर फिरू द्या. घाटातही तसंच. खंबाटकी किंवा पसरणी जड गिअरवर उभं राहून चढणाऱ्यांची वरच्या वळणावर खूप वाहवा होते, पण पुढे सपाटीवर त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

मळमळ, रिकामपण, डोकेदुखी

भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. शरीरातली साठवलेली साखर काही तासांतच संपते. मग पाय हलतात पण त्यांत जोर राहत नाही, चिडचिड होते, साधा हिशोब जमत नाही. पहिल्या तासापासून दर अर्ध्या-पाऊण तासाला थोडं तोंडात टाकत राहा. तासाला साधारण ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गुंडाळून नेलेली गूळपोळी, हे सगळं चालतं. महागड्या एनर्जी जेलची पाकिटं आणायची तर आणा, पण ती आधी सरावात खाऊन बघा. नवं काही राइडच्या दिवशी पोटात घालायचं नाही.

आता मिसळ. सातारा रस्त्याला लागलं की मिसळ खाल्ल्याशिवाय राइड पूर्ण होत नाही असं मानणारा एक मोठा पंथ आहे आणि मी त्याचा जुना सभासद आहे. पण ती परतताना, शेवटच्या टप्प्यात. अर्ध्या वाटेवर तर्री ओतून उन्हात निघालात तर पुढचे दोन तास पित्ताशी भांडण्यात जातील. त्या वेळी दहीभात किंवा इडली पोटाला झेपते.

पाण्याची चूक दोन्ही बाजूंनी होते. कमी पिणारे तर ठाऊकच आहेत. पण घाम गाळत नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तरी रक्तातलं मीठ पातळ होतं. बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, मळमळतं, डोकं जड होतं आणि माणूस आणखी पाणी पितो. मी यवतला याच अवस्थेत होतो. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापानेच मिसळा. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतून ‘कडक’ करण्यात शहाणपण नाही, पोट बिघडतं. एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी. टपरीवरच्या काकडीला मीठ लावून घ्या. उसाचा रस उत्तम, फक्त बर्फ नको म्हणून सांगा.

बसण्याची जागा

याबद्दल लोक लाजतात आणि १२० किलोमीटरनंतर रडतात. पॅडवाल्या सायकलिंग शॉर्टच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं. त्याच्या शिवणीच कातडी सोलतात. निघण्याआधी मांड्यांच्या सांध्यात पेट्रोलियम जेली लावा, छोटी डबी बरोबर ठेवा. दर पंधरा-वीस मिनिटांनी क्षणभर पेडलवर उभे राहा. सीटवर घालायचं मऊ जेलचं कव्हर विकत घेऊ नका. तासाभरात ते सरकतं आणि जास्त घासतं.

गुडघा समोरून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, गुडघ्याच्या मागे दुखत असेल तर वर. बदल दोन-तीन मिलिमीटरचाच करा आणि मूळ जागेवर चिकटपट्टीची खूण ठेवा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातावर भार फार येतोय. हाताची जागा बदलत राहा, कोपरं सैल सोडा.

पंक्चर, आणि लगेच दुसरं पंक्चर

हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या बारीक तारा पडलेल्या असतात, गावाच्या आतल्या रस्त्यावर बाभळीचे काटे. पंक्चर होणारच. चूक पुढे होते: नवी ट्यूब टाकतात, पण टायरच्या आत बोट फिरवून बघत नाहीत. तार तिथेच बसलेली असते आणि दहा मिनिटांत पुन्हा सूं... बोट हळू फिरवा, नाहीतर तेही फाटेल. बोटाऐवजी रुमाल फिरवला तर तार त्यात अडकते. बरोबर ठेवा: दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या दोन लिव्हर, आणि आपल्याच व्हॉल्व्हला बसणारा पंप. ‘आपल्याच’ म्हणण्याचं कारण असं की जाड व्हॉल्व्हचा पंप घेऊन बारीक व्हॉल्व्हच्या सायकलीसमोर हताश उभे असलेले एक गृहस्थ मला शिरवळला भेटले होते. गावातल्या पंक्चरवाल्याकडेही बारीक व्हॉल्व्हचा जोड मिळेलच असं नाही. आणि घरी, पंख्याखाली, एकदा मागचं चाक काढून ट्यूब बदलून बघा. रस्त्यावर पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.

नवी सीट, नवे बूट, नवी चेन हे सगळं राइडच्या आदल्या आठवड्यात बसवू नका. शेवटच्या आठवड्यात ‘तयारी बघू’ म्हणून १५० किलोमीटर मारू नका. सरावात १२० किलोमीटर आरामात झाले असतील तर २०० होतात. त्या आठवड्यात झोपा.

अंधार

मागचा लाल दिवा, पुढचा दिवा आणि चमकणारं जॅकेट बीआरएमला सक्तीचं असतं, पण ‘दिवसाउजेडी पोहोचू’ म्हणून लोक दिवा चार्ज करत नाहीत. खोक्यावर लिहिलेले तास मंद उजेडाचे असतात. पूर्ण उजेडावर आपला दिवा किती वेळ टिकतो ते एका संध्याकाळी घरी लावून मोजा. ४०० च्या राइडला पहाटे तीन ते पाच या वेळात झोप हमखास येते. रस्त्याची पांढरी रेघ वाकडी दिसू लागली की एसटीच्या थांब्यावर पंधरा मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. तोंडावर पाणी मारून पुढे जाणं म्हणजे ट्रकसमोर जुगार.

सोडायची वेळ

चक्कर येणं, उलट्या न थांबणं, तापल्या उन्हात घाम बंद होणं, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ होणं, यांपैकी काहीही झालं तर राइड तिथेच संपली. सावलीत जा, अंग ओलं करा, माणसं बोलवा, दवाखाना गाठा.

बाकी वेळी एक नियम पाळा: रिकाम्या पोटी निर्णय घ्यायचा नाही. सावलीत आडवं व्हा, पाय विटेवर किंवा सायकलीवर टेकवून वर ठेवा, खारट काही चघळा, ओआरएसचे घोट घ्या, वीस मिनिटं द्या. मग घड्याळ बघा आणि उरलेल्या अंतराला उरलेल्या तासांनी भागा. हा भागाकार मी त्या टपरीवर केला नाही. घरी पोहोचल्यावर रात्री, आंघोळ करून, वरणभात खाऊन झाल्यावर केला. साधारण पंचेचाळीस किलोमीटर उरले होते, पाच तास हातात होते. ताशी नऊ.

पुढच्या वर्षी तोच रस्ता, तोच महिना. भिगवणला अकराला पोहोचलो, फोटो काढला नाही. परतताना यवतला ती टपरी उघडी होती. चहा घेतला, दहा मिनिटांत निघालो.