काचेआडून समोरच्या इमारतीत वायफाय पोचत नसेल तर

आधी खिडकी पूर्ण उघडा आणि समोरच्या उपकरणावर सिग्नलचा आकडा पाहा (तो डीबीएममध्ये असतो; शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला). उणे ८२ डीबीएमवरून उणे ६० पर्यंत सुधारला, तर दोष काचेचाच. साधी काच जेमतेम २ ते ४ डेसिबल खाते. उष्णता अडवणारा धातूचा लेप किंवा सनफिल्म असलेली काच २० ते ३० डेसिबलही गिळते. अशा वेळी राउटरची पॉवर वाढवण्यात अर्थ नाही. अँटेना बाहेर, लोखंडी ग्रिलच्याही पुढे बसवा. पीओई केबल (डेटा आणि वीज दोन्ही एकाच केबलमधून नेणारी) उन्हात टिकणारी घ्या, भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या. नाहीतर पावसाचं पाणी थेट आत येतं.

१०० मीटरच्या ५ गिगाहर्ट्झ लिंकला दोन टोकांमधल्या सरळ रेषेभोवती मध्यावर सव्वा मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, झाडं तेवढी बघा.