हरणाच्या शिकारीसाठी रायफलचं कॅलिबर कसं निवडावं आणि स्कोप कसा जुळवावा

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारायचा नऊ दिवसांचा हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. रायफलची तयारी मात्र सप्टेंबरातच उरकावी. (भारतात १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा हे सगळं इथल्यापुरतंच.) १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे शिकार-सुरक्षेचा कोर्स लागतो. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाला विचारा. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे आणि शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद आहे.

आधी कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास. दुकानात सगळे ताकदीबद्दल बोलतात. मी आधी धक्क्याबद्दल, म्हणजे गोळी सुटताना बंदूक खांद्यावर किती आदळते त्याबद्दल, विचारतो. मी सुरुवात .३०-०६ने केली. १९०६ सालचं हे काडतूस पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरून उरतं, पण माझ्या गोळ्या सारख्या खाली जायच्या. एका अनुभवी मित्राने मला न सांगता रिकामं काडतूस भरून दिलं. मी चाप ओढला, आवाज झालाच नाही, आणि नळीचं टोक चांगलं दोन इंच खाली झुकलेलं मला दिसलं. धक्क्याच्या धास्तीने मीच बंदूक दाबत होतो.

म्हणून नवख्याने .२४३ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूर घ्यावी. .२४३मध्ये ९५ ते १०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), खास हरणासाठी बनवलेली गोळी वापरा. धक्का सोसत असेल तर .३०८ उत्तम, काडतुसंही कुठेही मिळतात. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग जेमतेम आठ इंचांचा असतो. तिथे गोळी लागली नाही तर जनावर जखमी होऊन तडफडत राहतं, मग कॅलिबर कितीही मोठं असो.

आता स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण. ती रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू आलटून पालटून, सारखे आवळा. डोळा आणि काच यांत साधारण साडेतीन इंच अंतर ठेवा, नाहीतर भुवई फुटते. रेंजवर कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवंच.

रायफल रिकामी करा, बोल्ट (नळीमागचा सरकता दांडा) काढा, वाळूच्या पिशव्यांवर ती पक्की टेकवा आणि २५ यार्डांवरचं टार्गेट नळीतून बघून मध्यभागी आणा. रायफल न हलवता स्कोपची फुली तिथेच आणा. मग बोल्ट बसवून तीन गोळ्या झाडा. एका गोळीवर कधीही काही ठरवू नका, तिघींचा मध्य धरा.

बहुतेक स्कोपच्या गुंडीचा एक क्लिक गोळी १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, २५ यार्डांवर फक्त एक सोळांश. इथेच लोक फसतात. २५ यार्डांवर गोळ्या दोन इंच उजवीकडे गेल्या तर ३२ क्लिक डावीकडे लागतात, १०० यार्डांवर तेवढ्याच चुकीला आठ पुरतात. गुंडीवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो.

मग १०० यार्डांवर जा. नळी थंड होऊ द्या, पुन्हा तीन गोळ्या, पुन्हा क्लिक. .३०८ची १५० ग्रेनची गोळी १०० यार्डांवर दीड-दोन इंच वर लागू दिली तर २०० यार्डांपर्यंत नेम बदलावा लागत नाही.

ज्या काडतुसाने झिरो केलं, म्हणजे स्कोप जुळवला, तेच जंगलात न्या. वजन किंवा कंपनी बदलली तर पुन्हा रेंजवर या. रायफल पडली किंवा गाडीत आदळली, तरी तेच.