पुराचुंबकत्व शिकायचंय? आधी नमुन्यावरची रेघ सांभाळा

एम.एस्सी. जिऑलॉजीच्या प्रोजेक्टला मी पुराचुंबकत्व, म्हणजे खडकांत टिकून राहिलेल्या जुन्या चुंबकत्वाचा अभ्यास, घेतलं, तेव्हा आमच्या वर्गात हा विषय घेणारी मी एकटीच होते. आता ज्युनिअर मुलं विचारतात, ‘ताई, सुरुवात कुठून करू?’ त्यांच्यासाठी हे लिहितेय.

नाशिककरांना लांब जायची गरजच नाही. आपल्या पायाखालचा काळा कातळ, बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवत असताना त्यातल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाच्या बारीक कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. कसारा घाटात रस्त्याच्या कापात दोन थरांमध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तिथे थांबा. एक लाव्हा थिजून दुसरा येईपर्यंत गेलेला काळ त्या पट्ट्यात आहे. एकेक थर म्हणजे क्षेत्राचा एकेक क्षण, आणि क्षेत्र तर शतकागणिक हलत असतं. म्हणून एकाच थरातून पन्नास नमुने काढू नका, दहा थरांतून पाच-पाच काढा.

माझे पहिले नमुने एका डोंगराच्या माथ्यावरचे होते. उघडा कातळ, काम सोपं. प्रयोगशाळेत मोजले तर शेजारशेजारच्या नमुन्यांच्या दिशा चहूकडे! माथ्यावर वर्षानुवर्षं विजा पडतात, आणि विजेच्या प्रवाहाने खडकाचं जुनं चुंबकत्व पुसून नवं बसतं. महिनाभराची मेहनत गेली, फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी रस्त्याचे काप आणि बंद पडलेल्या खडीच्या खाणीच धरते. परवानगी आधी घ्या, वनखात्याची असो की जमीनमालकाची. गड आणि लेणी यांना ड्रिल लावायचं नाही म्हणजे नाही.

ड्रिलने २५ मिलिमीटर जाडीची कांडी कापायची, पण लगेच मोडून काढायची नाही. ती कातळाला चिकटलेली असतानाच खाचेची पितळी नळी तिच्यावर बसवायची, दिशा आणि उतार मोजायचा आणि खाचेतून पितळी तारेने रेघ ओढायची. रेघ पुसली की तो नमुना म्हणजे नुसता दगड. होकायंत्रावर विसंबू नका, बेसॉल्टच त्याची सुई ओढतो. टाचणीची सावली बघा आणि घड्याळातली वेळ मिनिटासकट लिहा, त्यावरून उत्तर दिशा काढता येते. हे उन्हावर चालतं, म्हणून पावसाळ्यात ही कामं ठेवू नका.

इगतपुरीकडच्या खालच्या थरांतली दिशा साधारण दक्षिण-आग्नेयेला आणि खाली झुकलेली मिळते. म्हणजे तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे होते. हा झुकाव, म्हणजे नती, अक्षांश सांगतो: नतीचा टॅन्जंट हा अक्षांशाच्या टॅन्जंटच्या दुप्पट. बऱ्याच थरांची सरासरी नती ४५ ते ५० अंशांच्या आसपास येते, त्यावरून अक्षांश निघतो सुमारे ३०, आणि ध्रुव उलटे असताना दिशा खाली झुकते ती दक्षिण गोलार्धात, म्हणून ३० दक्षिण. आज नाशिक २० उत्तरेला आहे. हे गणित पहिल्यांदा माझ्या वहीत सुटलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवीन मुलं अडतात ती तीव्रतेपाशी, म्हणजे क्षेत्र किती जोरदार होतं त्यापाशी. पृथ्वीचा चुंबक तेवढाच ठेवला तरी ध्रुवावर क्षेत्र विषुववृत्ताच्या दुप्पट असतं. २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं की तीव्रता जवळजवळ १४ टक्क्यांनी वाढते, चुंबक तसूभरही न बदलता. म्हणून जुना आकडा आजच्या आकड्याशेजारी ठेवून ‘तेव्हा क्षेत्र जोरदार होतं’ म्हणू नका. आधी अक्षांशाचा हिशेब वजा करा, मग काळाने काय बदललं ते बोला.

पुढे जायचं असेल तर जॅम, नेट या परीक्षांची तयारी लवकर धरा. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत या विषयावर काम चालतं.

तीव्रता काढायची थेलिएर पद्धत मात्र धीर बघते. नमुना टप्प्याटप्प्याने तापवायचा, प्रत्येक तापमानाला दोनदा, आणि मधेमधे तपासायचं की तापवल्याने मॅग्नेटाइटच तर बदललं नाही ना. माझ्या अठरा कांड्यांपैकी पाच टिकल्या. वहीत त्या पाचही ओळींत तीव्रतेच्या आधीचा रकाना अक्षांशाचा आहे.