बीपीची गोळी आणि घड्याळ: सोलापूरकरांनो, या चुका टाळा

“गोळी रोज घेतो, तरी बीपी काही उतरत नाही” असं कुणी म्हटलं की आधी विचारावं, काल किती वाजता घेतली होती? आणि परवा? बहुतेक वेळा उत्तर येतं, “सकाळी.” पण आपल्याकडे सकाळ पहाटे पाचला सुरू होते ती अकराचा चहा होईपर्यंत चालते. सोमवारी सहाला, मंगळवारी साडेदहाला, बुधवारी लग्नाच्या गडबडीत राहूनच गेली आणि गुरुवारी दवाखान्यात आकडा वाढलेला. मग डोस वाढतो किंवा दुसरी गोळी सुरू होते. पहिली गोळी मात्र वेळेवर पोटात गेलेलीच नसते.

फॉरवर्ड वाचून सकाळची गोळी रात्रीवर नेणं

“बीपीची गोळी रात्रीच घ्या, हार्ट अटॅक निम्म्याने कमी होतात” हा मेसेज अजून फिरतोय. त्याचं मूळ 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधल्या हायजिया अभ्यासात आहे. झोपताना गोळी घेणाऱ्यांना मोठा फायदा झाल्याचा दावा त्यात होता, पण अभ्यासाच्या पद्धतीवर तज्ज्ञांनी बऱ्याच शंका घेतल्या. पुढे ब्रिटनमध्ये ‘टाइम’ नावाचा अभ्यास झाला. 21 हजारांहून जास्त रुग्ण, काही सकाळी गोळी घेणारे, काही संध्याकाळी, आणि पाच वर्षांहून जास्त पाठपुरावा. 2022 मध्ये निकाल आला: हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू यांपैकी काही ना काही संध्याकाळच्या गटात 3.4 टक्के लोकांना झालं, सकाळच्या गटात 3.7 टक्के. म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. कॅनडातल्या ‘बेडमेड’ अभ्यासातूनही तेच निघालं. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची 2024 ची मार्गदर्शक सूचना सरळ आहे: जी वेळ तुम्हाला सोयीची आणि रोज पाळता येईल, ती धरा.

रात्री बीपी साधारण 10 ते 20 टक्के उतरतो आणि पहाटे चढू लागतो, हे खरं आहे. काहींचा रात्री उतरतच नाही. पण तुमचा तसा आहे का, हे चोवीस तास दंडाला लावायच्या मशीनवर कळतं, मेसेजवरून नाही. काही गोळ्या तर रात्री घेणं त्रासाचंच. नावापुढे ‘एच’ असलेल्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. ती झोपताना घेतली की रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, आणि वयस्कर माणूस अंधारात संडासकडे जाताना पडला तर खुबा मोडतो. वेळ बदलायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून बदला.

पाळी बदलली की गोळीची वेळही बदलणं

ही चूक यंत्रमागाच्या गावात हटकून होते. दिवसपाळीला “उठल्यावर गोळी” ठीक. रात्रपाळी लागली की माणूस दुपारी उठतो, आणि गोळी सहा-सात तास सरकते. आठवड्याने पाळी फिरली की पुन्हा उलटं. अशा घरात गोळी ‘उठल्यावर’ला न बांधता घड्याळाला बांधावी. दोन्ही पाळ्यांत आपण जागे असतो असा एक तास शोधा. बारा तासांच्या पाळ्यांत संध्याकाळी सातच्या आसपास बहुतेक जण जागेच असतात, घरी नाहीतर कारखान्यात. मग तीच वेळ पक्की, आणि दोन गोळ्या डब्याच्या पिशवीत कायमच्या.

तासाभराचं मागेपुढे कुणी मनाला लावून घेऊ नये. अॅम्लोडिपिन शरीरात हळूहळू ओसरतं, निम्मं व्हायलाच 30 ते 50 तास लागतात. म्हणूनच ते सुरू केल्यावर दोन दिवसांत “फरक नाही” म्हणून सोडणंही चूक. पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे जातात. लोसार्टन त्यामानाने लवकर उतरतं, म्हणून काहींना ते दोनदा विभागून देतात. अशांनी दुसरी वेळ चुकवू नये.

चुकलीच तर? आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. आणि मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन चालू असेल तर मनाने अचानक बंद करू नका, बीपी उसळी मारतो.

गोळीनंतर मोजून खूश होणं

नाष्टा झाला, गोळी झाली, दोन-तीन तासांनी मशीन लावलं, 128/80. छान! पण गोळी चोवीस तास पुरते का, हे पुढच्या गोळीच्या आधीच्या आकड्यावरून कळतं. म्हणून सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी मोजा. पाच मिनिटं टेकून बसा, पाय जमिनीला, दंड हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नको. मोजताना बोलू नका, घरच्यांनीही “किती आला?” विचारू नये. मिनिटभराने पुन्हा मोजा. संध्याकाळीही असंच. डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा. घरी मोजताना 135/85 किंवा जास्त आकडे सतत येत असतील, तर ते वाढलेलेच.

आकडे वाढले तर गोळीला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा: गुडघ्यासाठी चालू असलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी, आणि भाकरीबरोबरची शेंगाचटणी, पापड, लोणचं. शेंगा बिचाऱ्या निर्दोष आहेत, मीठ नाही.

उपवास, रोजा आणि मे महिना

एकादशीला गोळीचाही उपवास करू नका. पाण्याबरोबर गोळी घेतल्याने उपवास मोडत नाही. रमजानमध्ये गोळी सहेरीला घ्यायची की इफ्तारनंतर, हे रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी ठरवा, विशेषतः लघवीची गोळी असेल तर.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला, घामाने पाणी कमी पडलं आणि उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तर बसून व उभं राहून बीपी मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोस कमी करायचा का, ते ठरवतील. गोळ्यांची स्ट्रिप स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. बऱ्याच गोळ्या 30 अंशांच्या खाली ठेवायच्या असतात.

आकडा बघून घाबरून जादा गोळी घेणं

180/120 दिसला की काही घरांत कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवतात. निफेडिपिन असं दिल्यावर बीपी एकदम कोसळून पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो. पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच आला आणि बाकी त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखतंय, धाप लागतेय, जीभ अडखळतेय, एक बाजू लुळी पडतेय, दिसायला अंधुक झालंय, यातलं काहीही असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका. लगेच 108 ला फोन लावा आणि गोळ्यांची स्ट्रिप व आकड्यांची वही बरोबर घ्या.