जुन्या चित्रातलं लढाऊ जहाज ओळखताना या चुका टाळा

चित्राखाली पेन्सिलीने ‘ठाण्याची खाडी’ लिहिलेलं असतं आणि चित्रात दोन मजली तोफांचं भलंमोठं जहाज असतं. ओळ वाचली की बहुतेक जण तिथेच थांबतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ७४ तोफांच्या जहाजाला सहा मीटरच्या आसपास खोल पाणी लागायचं. ठाण्याजवळच्या उथळ, गाळाच्या पाण्यात ते शिरणार कसं? अशी ओळ पुष्कळदा नंतरच्या एखाद्या मालकाने लिहिलेली असते. म्हणून आधी जहाज वाचा, ओळ शेवटी.

नौपाड्यात किंवा वाशीत स्कॅन करून घेणार असाल तर ६०० डीपीआय सांगा. फ्लॅश मारून मोबाइलवर काढलेल्या फोटोत दोरखंडाच्या रेघा उडून जातात. पावसाळ्यात कागद काचेला चिकटला असेल तर कृपा करून ओढू नका; काचेसकट, खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो घ्या.

तोफा मोजताना हमखास फसगत होते. ब्रिटिशांच्या नेहमीच्या ७४ तोफांच्या जहाजाच्या एका बाजूला खाली १४ आणि वर १४ खिडक्या. दुप्पट केलं की ५६. उरलेल्या १८ तोफा सगळ्यात वरच्या उघड्या भागावर असत, त्या चटकन दिसतच नाहीत. शिवाय १८१७ पर्यंत ब्रिटिश नौदल कॅरोनेड नावाच्या आखूड तोफा सहसा या आकड्यात धरत नसे. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मालवाहू जहाजांवर नुसत्या रंगवलेल्या खिडक्याही असत! झाकण वर उचललेलं आहे का, तोफेचं तोंड बाहेर आलं आहे का, हे भिंगाखाली बघा.

आपल्याकडची चूक वेगळी: नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, टोकदार दिसली की ‘गुराब’ (आपल्या किनाऱ्यावरचं एक लढाऊ जहाज) म्हणून मोकळं व्हायचं. गुराबेची नाळ पुढे लांब, सखल निघालेली असते आणि तिच्या मागच्या आडव्या भिंतीतून दोन तोफा थेट पुढे रोखलेल्या असतात. या दोन तोफा सापडल्याशिवाय गुराब म्हणू नका. डोलकाठ्या बहुधा दोन, क्वचित तीन. दोनवाली साधारण १५० टनांपर्यंत, तीनवाली ३०० च्या आसपास. गलबत त्याहून लहान, फार तर ७० टन. त्याचं मोठं तिकोनी शीड उभारलं की शिडाचं टोक डोलकाठीच्याही वर जातं, आणि बाजूला ४०-५० वल्ही.

जवळजवळ सारखी दोन जहाजं दिसली तर लगेच ताफा समजू नका. अठराव्या शतकातले चित्रकार एकच जहाज बाजूने आणि मागून असं एकाच चौकटीत काढत.

निशाणावरून काळ ठरवताना रंगांवर विसंबू नका, ते पुष्कळदा मागाहून भरलेले असतात. रेघा बघा. ब्रिटिश निशाणातला तिरका लाल क्रूस १ जानेवारी १८०१ पासूनचा. कंपनीच्या पट्टेरी निशाणाच्या कोपऱ्यात १७०७ पर्यंत साधा उभा-आडवा क्रूस होता, नंतर तिथे युनियन, म्हणजे ब्रिटनचं एकत्र क्रूसांचं निशाण, आलं. मात्र यातून कळतं ते चित्र कोणत्या वर्षाच्या आधीचं नाही एवढंच. जहाज त्याहून कितीतरी जुनं असू शकतं.