वाणिज्य शाखेतून आलेल्यांनी प्रोग्रामिंग का शिकावे

प्रोग्रामिंग का शिकावे, असे बी. कॉम. झालेली मुले-मुली मला वरचेवर विचारतात, आणि बहुतेकांच्या मनात असते ते एवढेच, की त्याने नोकरी लागेल का. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकते. सहा महिन्यांचा कोर्स केला की हिंजवडीत नोकरी ठरलेली, या आशेवर कर्ज काढून फी भरणार असाल तर भरू नका. शिकण्याची कारणे वेगळी आहेत आणि माझ्या मते ती अधिक भक्कम आहेत. मला ती उशिरा कळली, कारण पहिले जवळजवळ वर्षभर मी चुकीच्या पद्धतीने शिकत होते.

मी सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात काम करते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र भरायचे असते. मधल्या दिवसांत प्रत्येक पक्षकाराच्या खरेदीची बिले २बीशी ताडून पाहावी लागतात, कारण पुरवठादाराने जे बिल दाखवलेलेच नाही त्यावरचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. हे काम मी तीन वर्षे एक्सेलच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून, एकेका ओळीवर रंग भरत, रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत केले. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायचे ठरवले ते याच कामाला कंटाळून, आणि तरीही शिकायला बसले तेव्हा हे काम बाजूला ठेवून मी व्हिडिओ पाहत राहिले.

याच सापळ्याबद्दल मला सविस्तर सांगायचे आहे. धडा पाहताना मला प्रत्येक ओळ समजत असे. शिकवणारा लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारा भाग) लिहीत असे, मी ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेत असे, पुढचा धडा लावत असे, आणि आज आपण चांगली प्रगती केली या समाधानात झोपत असे. दोन वह्या भरल्या. मग एका रविवारी मी रिकामी फाइल उघडली आणि अगदी साधे काम करायचे ठरवले: यादीतला प्रत्येक जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा आहे की नाही, एवढेच तपासायचे. अर्धा तास झाला तरी मला पहिली ओळ सुचली नाही. वही उघडली, तर तिच्यात सगळे होते आणि त्यातले काय उचलायचे हेच कळत नव्हते. त्या दिवशी मला खरोखर रडू आले, आणि हे आपल्या डोक्याबाहेरचे आहे असे ठरवून मी पुढचे दोन महिने संगणकावर पायथन उघडलेसुद्धा नाही.

असे का झाले ते नीट समजून घ्या. धड्यामध्ये सगळे निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेले असतात: आधी काय करायचे, कशाला काय नाव द्यायचे, कोणती गोष्ट लूपच्या आत ठेवायची आणि कोणती बाहेर. आपल्याला दिसतात ते निर्णय झाल्यानंतरचे शब्द, आणि शब्द समजले म्हणजे विषय समजला असे वाटू लागते. दुसऱ्याने जुळवलेली तेरीज वाचता येणे आणि सतरा रुपयांनी न जुळणारी तेरीज आपल्या हाताने जुळवणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच धडा समजणे आणि स्वतः लिहिणे यांत आहे. म्हणून दहा मिनिटे धडा पाहिला की तो बंद करा, रिकाम्या फाइलमध्ये तेच न बघता लिहा, अडेल तिथे अडू द्या, आणि लिहून झाल्यावर त्यात एक तरी बदल स्वतःच्या मनाने करा. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाची मांडणीच अशी आहे, की अर्ध्या पडद्यावर धडा चालवायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर आपण करून पाहायचे. तिथले बरेच धडे मराठीतही आहेत आणि ते मोफत आहेत.

शिकवणाऱ्या माणसाबद्दल माझे मत जरा कडक आहे. तुम्ही अडलात की जो तुमच्या हातातला कीबोर्ड काढून घेतो, तो कितीही हुशार असला तरी त्याच्याकडून शिकू नका. मला पुन्हा उभे केले ते आमच्याच इमारतीतल्या एका ताईंनी. त्या कीबोर्डला कधी हात लावत नसत. एवढेच विचारत, ‘तुला काय यायला हवे होते आणि काय आले?’ पुष्कळदा हे वाक्य पूर्ण करता करताच मला माझी चूक सापडत असे.

आता कारणाकडे येते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९. मी नियम लिहिला, की पुरवठादाराचा क्रमांक २७ ने सुरू होत नसेल तर बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, असला पाहिजे, नसेल तर ती ओळ वेगळी काढायची. प्रोग्रामने बेळगावच्या एका हॉटेलचे बिल वेगळे काढले. क्रमांक २९ चा आणि कर मात्र सीजीएसटी व एसजीएसटी, म्हणजे एकाच राज्यातल्या व्यवहाराला लागतात ते. मला वाटले हॉटेलची चूक आहे. सरांनी सांगितले की बिल बरोबर आहे, कारण हॉटेलातल्या मुक्कामाच्या बाबतीत पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे जिथे हॉटेल आहे ते ठिकाण, आणि म्हणूनच त्या कराचे क्रेडिट आपल्या महाराष्ट्राच्या नोंदणीत घेता येत नाही. तीन वर्षे मी अशी बिले हाताळत होते आणि माझ्या समजुतीतले हे भोक मला कधीच दिसले नव्हते, कारण हाताने काम करताना माणूस अंदाजाने पुढे सरकतो. यंत्राला अंदाज सांगता येत नाही. शिकायचे ते यासाठी. वेळ वाचतो हा वरचा लाभ आहे.

आता एआय सगळे लिहून देते, मग शिकायचे कशाला, असेही विचारले जाते. आमच्याकडे एका नव्या मुलाने तसा कोड आणून चालवला. एकही एरर न येता तो चालला आणि पुष्कळ बिले २बीमध्ये नाहीत असे त्याने दाखवले. झाले होते असे, की नोंदवहीची फाइल वाचताना ‘००४५’ हा बिल क्रमांक संख्या समजून ४५ केला गेला होता आणि २बीच्या बाजूला तो ‘००४५’ च राहिला होता. पुरवठादारांना फोन लावण्याआधी हे ध्यानात आले म्हणून बरे. स्वतः कधी काहीच न लिहिलेल्या माणसाला अशी चूक शोधायची तरी कुठे हे कळत नाही. पहिले सहा महिने तरी एआयकडून कोड लिहून घेऊ नका, आणि पक्षकाराची माहिती तिथे कधीच चिकटवू नका.

गणित कच्चे आहे म्हणून घाबरू नका. या कामाला बेरीज, तुलना आणि चिकाटी पुरते. इंग्रजीची भीती मलाही होती. एरर आली की शेवटची ओळ आधी वाचावी, काय बिघडले ते पायथन तिथेच सांगते. अशी पंधरा-वीस वाक्ये ओळखीची झाली की भीती बरीच ओसरते. जुना संगणकही चालतो. पहिले काम म्हणून तुमच्या रोजच्या फाइलमधल्या दहाच ओळी घ्या, उत्तर आधी हाताने काढून कागदावर लिहून ठेवा, मग प्रोग्राम लिहा. आणि हे सगळे त्या फाइलच्या प्रतीवर करा, मूळ फाइलला हात लावू नका.